बदली माणूस

“तिला सांग,” अण्णा म्हणाले, “पोरगं कोल्हापूरला जायचं म्हणतंय तर जाऊ दे. पण बदली माणूस देऊन जाऊ दे. असंच उठून चालायला ही काय धर्मशाळा आहे?”

मी पुढच्या खोलीतून निघालो. पुढची खोली म्हणजे अण्णांचं दुकान, ‘खटावकर साउंड सर्व्हिस’. तिथून मधली खोली ओलांडून स्वयंपाकघरात जायला चौदा पावलं लागतात. चौदा पावलांत माणसाला बरंच काही करता येतं.

“आई,” मी म्हणालो, “अण्णा म्हणतात, मला शिकायला जाऊ द्यावं. फक्त मी गेल्यावर तुमची पंचाईत होईल, तर काहीतरी सोय बघू या.”

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“असं म्हणाले?”

“हो. पत्र्याखाली बसलेत ना, घामानं सदरा भिजलाय त्यांचा.”

“त्यांना सांग, माझं काही वेगळं म्हणणं नाही. जन्मात एकदा तरी डोकं चाललं म्हणावं.”

चौदा पावलं.

“अण्णा, आई म्हणते, तुमचं बरोबर आहे.”

अण्णांनी उघड्या अँप्लिफायरमधून मान वर काढली. अकरा वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ते मला अडकवून ठेवण्यावर झालं होतं.

अकरा वर्षं मोजायची ती आमच्या मामाच्या लग्नापासून. लग्न आमच्या आटपाडीतच होतं, आणि घरचंच कार्य म्हणून माइक-भोंगे अण्णांचे. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आणि अण्णा माइक बंद करायला विसरले. मग ते आपल्या ऑपरेटरशी सासुरवाडीबद्दल जे काही बोलले, ते चारशे वऱ्हाडी, भटजी, बँडवाले आणि शेजारच्या शाळेतली दुपारपाळी यांनी एकदमच ऐकलं. काय बोलले ते मी इथं लिहीत नाही. आटपाडीत उतरून कुणालाही विचारा.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, “ह्यापुढं मला काही सांगायचं असेल तर दुसऱ्याच्या तोंडून सांगा. तुमच्या तोंडाला मी ओळखत नाही.” अण्णाही मानी. ते म्हणाले, “बरं.” हा त्यांच्यातला शेवटचा थेट संवाद. मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि तिथं जवळच उभा होतो, एवढाच माझा गुन्हा.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी बहीण झाली. एकमेकांशी न बोलणाऱ्या जोडप्याला मूल कसं झालं, यावर गल्लीत बरीच चर्चा झाली. त्या बाबतीतला निरोप माझ्यामार्फत गेला नव्हता, एवढं मी खात्रीनं सांगतो. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा मात्र सगळं माझ्याकडेच आलं. अण्णा म्हणाले, “तिला सांग, नाव भागीरथी. माझ्या आईचं.” आई म्हणाली, “त्यांना सांग, असलं नाव ठेवलंत तर मी माहेरी जाईन.” नऊ वर्षांचा मी मधल्या खोलीत उभा राहिलो. समोर देवघर होतं. देवघरात उदबत्तीचा पुडा होता. मी आईला जाऊन सांगितलं की अण्णा म्हणतात, सुगंधा. अण्णांना जाऊन सांगितलं की आई म्हणते, सुगंधा. दोघांनाही वाटलं की समोरच्यानं माघार घेतली. दोघंही त्या दिवशी फार मोठ्या मनानं वागले.

तर सुगी अशी आली. ती नऊ वर्षांची होती आणि मी अठरा, तेव्हाची ही गोष्ट.

कोल्हापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला इलेक्ट्रॉनिक्सला जागा मिळाली होती. दहा दिवसांत हजर व्हायचं होतं. फी अण्णा भरणार, हॉस्टेल आणि मेसचं आई तिच्या बालवाडीच्या मानधनातून बघणार, असं बारावीपासून ठरलेलं. अर्जावर दोघांच्या सह्या हव्या होत्या. मला इलेक्ट्रॉनिक्सचं वेड होतं असं मुळीच नाही. मला एका अशा खोलीत राहायचं होतं जिथं कुणी काही बोललं तर ते तिथंच संपेल, उचलून दुसरीकडे न्यावं लागणार नाही.

“फोनवरून करतो ना मी,” मी दोघांनाही सांगून बघितलं. “तुम्ही मला फोन करा, मी आईला करतो.”

“म्हणजे मीठ हवं असेल तर कोल्हापूरला फोन लावायचा?” अण्णा म्हणाले.

“मग तुम्हीच तिला मेसेज टाकत जा.”

“मेसेज टाकला म्हणजे बोलल्यासारखंच झालं. मी नाही पहिला बोलणार.”

आईनंही अगदी हेच सांगितलं, शब्दाला शब्द. तो एक निरोप मला बदलावा लागला नाही.

शेवटी अट ठरली. सुगीनं आठ दिवस काम बघायचं. त्या आठ दिवसांत मी घरात असलो तरी तोंड उघडायचं नाही. घर नीट चाललं तर आठव्या दिवशी सह्या. नाही चाललं तर गावातच बी.ए., घरून जाऊन-येऊन.

सुगी चौथीत होती. शाळेत सापडलेला खडूचा तुकडा तिनं मुख्याध्यापकांच्या हातात नेऊन दिला होता आणि त्याबद्दल तिचं नाव फळ्यावर लागलं होतं. या कामाला याहून नालायक माणूस तालुक्यात शोधून सापडला नसता.

पहिल्या दिवशी दुपारी आईनं ताट तिच्या हातात दिलं. अण्णांनी आमटीत बोट बुडवलं, वर धरलं, आणि थेंब पडायची वाट बघितली.

“तिला सांग, आमटी केलीय का भांडी विसळलेलं पाणी पाठवलंय?”

सुगीचे पाय लहान. तिला बावीस पावलं लागायची. मी मधल्या खोलीत तोंड मिटून बसलो होतो. ती माझ्यासमोरून ऐटीत गेली, ओट्यापाशी थांबली, हात मागं बांधले आणि शाळेत कविता म्हणतात तशा सुरात म्हणाली, “आमटी केलीय का भांडी विसळलेलं पाणी पाठवलंय?”

आईच्या हातातलं उलथनं पडलं.

अकरा वर्षं ती रोज आमटी पाठवत होती आणि अकरा वर्षं तिला कळत होतं की आमटी जरा पातळ आहे पण वास छान सुटलाय.

“त्यांना सांग,” आई हळूच म्हणाली, “ज्याचं तोंडच गटार, त्याला आमटी काय आणि पाणी काय.”

बावीस पावलं. परत कविता. संध्याकाळपर्यंत सुगीच्या अकरा फेऱ्या झाल्या. दिवेलागणीला आई मधल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“रंगा, हे असं बोलतात?”

मी तोंडाकडे बोट दाखवलं. मला बोलायची बंदी होती. त्या आठ दिवसांत अट पाळणं मला एवढं सोपं कधीच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या ताटात नुसतं मीठ आलं. ते उठून स्टँडवर जाऊन वडे खाऊन आले. तिसऱ्या दिवशी त्यांचा चहा बंद झाला. त्या दिवशी अण्णांची रिक्षा भोंगे लावून गावात फिरत होती, मोफत नेत्रतपासणी शिबिराची जाहिरात करत. मी चौकात उभा होतो. रिक्षा बालवाडीसमोर आली, वेग कमी झाला, आणि अण्णांचा तो भरदार, सरकारी आवाज आला:

“सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, उद्या सकाळी दहा वाजता जिल्हा परिषद शाळेत मोफत नेत्रतपासणी. तसेच बालवाडी क्रमांक दोनच्या बाईंना कळविण्यात येते की, आज सकाळपासून एका इसमास घरात चहा मिळालेला नाही. संबंधितांनी नोंद घ्यावी. येताना आधार कार्ड आणावे.”

ते गावाशी बोलले होते. बाईंशी बोललेच नव्हते. नियम कुठंच मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या फळ्यावर आईच्या वळणदार अक्षरात आजचा सुविचार होता: ‘भोंगा मोठा असला म्हणून माणूस मोठा होत नाही.’ बालवाडीतल्या पोरांना वाचता येत नाही. त्यांना न्यायला येणाऱ्या आयांना येतं. त्या दुपारी पोरं न्यायला बापसुद्धा आले.

घरात एकच माणूस खूश होता. “दादा, एकपण शब्द गाळला नाही मी,” सुगी म्हणाली. “‘गटार’ पण सांगितलं. ‘इसम’ म्हणजे काय रे?”

चौथ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी मला दुकानात बोलावलं.

“पाच मिनिटं सूट,” ते म्हणाले. “बोल. ती पहिल्यापासून असं बोलायची?”

त्यांच्या हातात एक काढलेला स्पीकर होता. त्याचा कागदी पडदा फाटला होता आणि ते त्यावर बोट फिरवत होते. खरं सांगायला पाच मिनिटं पुरली असती. एका मिनिटात झालं असतं.

“नाही अण्णा,” मी म्हणालो. “यंदा पाऊस लांबलाय. उन्हानं होतं असं.”

“तरीच,” अण्णा म्हणाले. त्यांना बरं वाटलं. “पोरीला जमत नाही बघ. तू असताना तुझी आई किती समजुतीनं घ्यायची. तू बी.ए.च कर. बी.ए. चांगलं असतं.”

मी तिथून उठलो तो थेट सुगीकडे गेलो.

घरामागं अण्णांची भोंग्यांची खोली होती. तिथं नादुरुस्त भोंगे एकात एक घालून ठेवलेले असत. सुगी एका मोठ्या भोंग्यात डोकं घालून स्वतःचाच आवाज ऐकत बसली होती.

“बाहेर ये,” मी म्हणालो. “तुला शिकवायचंय.”

“मला येतं सगळं.”

“तुला काहीच येत नाही. अण्णा काय म्हणाले ते सांगायचं नसतं. अण्णांना काय हवंय ते सांगायचं. आमटीत त्यांना काय हवं होतं?”

तिनं विचार केला. “घट्ट.”

“मग आईला काय सांगशील?”

“आमटी घट्ट कर.”

“आई चिडेल. ‘जरा’ घाल. आणि आधी एक चांगलं सांग.”

“अण्णा म्हणतात, आमटी मस्त. जरा घट्ट हवी.”

“आता शेवटी एक बारकी खरी गोष्ट जोड. अगदी खरी हवी. म्हणजे ऐकणाऱ्याचं लक्ष तिच्यावर जातं आणि आधीचं सगळं खरं वाटतं.”

“खरी म्हणजे कुठली?”

“कुठलीही. डोळ्यांना दिसेल ती. अण्णांच्या सदऱ्याचं बटण तुटलंय. आज लसूण ताजा आहे. मांजर दुकानात झोपलंय.”

सुगीनं भोंग्याच्या कडेवर नखानं रेघ ओढली.

“हे खोटं आहे, दादा.”

“खोटं नाही. दुरुस्ती. अण्णा रेडिओ दुरुस्त करतात, तसं.”

“मग ते जे खरं बोलतात, ते कुठं जातं?”

मला हा प्रश्न अकरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी स्वतःही नाही.

“माझ्यापाशी राहतं,” मी म्हणालो.

“सगळं?”

“सगळं.”

“मग आता माझ्यापाशी राहणार?”

“तू लहान आहेस,” मी म्हणालो. “विसरून जाशील.”

तिनं मान डोलवली. मी सांगितलेली कुठलीही गोष्ट तेव्हा तिला खरी वाटायची. मग आम्ही सराव केला. मी अण्णा व्हायचो, मग पळत पलीकडे जाऊन आई व्हायचो. मला दोघंही चांगले जमत. तीन दिवस शाळा सुटल्यावर आम्ही त्या खोलीत एकमेकांना शिव्या देत होतो आणि सुगी त्या धुऊन, पिळून, वाळत घालत होती. पहिल्या दिवशी ती अडखळायची. दुसऱ्या दिवशी ‘जरा’ विसरायची. तिसऱ्या दिवशी मी आई होऊन म्हणालो, “त्यांना सांग, मेले असते तर बरं झालं असतं,” आणि तिनं डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, “आई म्हणते, तुम्ही दमताय फार, जरा पडत जा दुपारी. उशी उन्हात घातलीय तिनं.”

“उशी खरंच उन्हात आहे?”

“बघ जाऊन.”

मी जाऊन बघितलं. उशी उन्हात होती. मी परत येऊन तिला कडेवर उचलून घेतलं. नऊ वर्षांची पोर, पाय माझ्या गुडघ्यांना लागत होते.

आठव्या दिवशी रविवार होता. अर्ज देवघरात कुंकवाच्या डबीखाली ठेवला होता. आई स्वयंपाकघरात, अण्णा दुकानात, मी मधल्या खोलीत. दुपारचा चहा आईनं पाच दिवसांनी पहिल्यांदा पाठवला होता, अर्धा कप. अण्णांनी कपात बघितलं.

मला त्यांचा चेहरा दिसत होता. गेल्या आठ दिवसांत त्यांना अकरा वर्षांचं ऐकायला मिळालं होतं. ते आवाज न चढवता बोलले. अण्णा आवाज न चढवता बोलले की ते वाईट असायचं.

“तिला सांग,” ते म्हणाले, “माझ्या आयुष्याचं वाटोळं दुसऱ्या कुणी केलं नाही. तिनं केलं. तिला आणि तिच्या पोरांना जेवायला घालण्यात माझा जन्म गेला. हे असंच्या असं सांग.”

तिच्या पोरांना. सुगी तिथंच उभी होती. तिनं अण्णांकडे बघितलं, मग वळली.

माझ्यासमोरून जाताना तिची पावलं मी मोजली. एक, दोन, तीन. सातव्या पावलाला ती थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. मी श्वास धरून बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्या वेळी तिची काळजी नव्हती. मी मनात म्हणत होतो, बाई, दोन मिनिटं सांभाळ, कोल्हापूर आहे पुढं.

ती ओट्यापाशी पोचली. हात मागं बांधले नाहीत.

“आई,” ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “अण्णा म्हणतात, चहा छान झालाय. अजून जरा असला तर दे. त्यांचा चष्मा सापडला. टेप रेकॉर्डरखाली होता.”

आईनं चहाचं पातेलं पुढं ओढलं. मग तिनं गॅस पेटवला.

“एवढं शोधत होते चार दिवस,” ती म्हणाली. “त्यांना सांग, साखर हवी का अजून?”

चष्मा खरंच टेप रेकॉर्डरखाली सापडला होता. मी दुकानात जाऊन खात्री केली.

अण्णांनी दुसरा कप चहा प्यायला. कप खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, “ओरडली नाही.” मग पेन मागितलं. त्या संध्याकाळी दोघांच्या सह्या झाल्या, एक दुकानात, एक स्वयंपाकघरात. अर्ज इकडून तिकडे सुगीनं नेला. मला बोर्डात पहिला आल्यासारखं झालं होतं. मी स्टँडवरून भजी आणली. सुगीनं खाल्ली नाहीत. ती भोंग्यांच्या खोलीत जाऊन बसली.

सोमवारी सकाळी मला एसटीवर सोडायला तीच आली. अण्णांना भाडं होतं, आईची बालवाडी होती. मी खिडकीतून हात बाहेर काढला, तो तिनं धरला.

“आई-अण्णा दोघं म्हणालेत, नीट जा, पोचलास की कळव,” ती म्हणाली. “उजवीकडं बस. तिकडं सावली असते.”

मी उजवीकडं बसलो होतो. तिथं सावली होती. मला हसू आलं.

“खरं काय म्हणाले, सुगे?”

“ते माझ्यापाशी राहतं,” सुगी म्हणाली, आणि गाडी सुटली.

मी इंजिनिअर झालो. आता पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो आणि एका खोलीत राहतो. तिथं कुणी काही बोललं तर तिथंच संपतं. बहुतेक वेळा कुणी बोलतच नाही.

गेल्या जूनमध्ये सुगीची बारावी झाली. शहाऐंशी टक्के. मिरजेला नर्सिंगला जागा मिळाली. तिनं मला नाही सांगितलं, अण्णांनी फोनवर सांगितलं.

“मग?” मी म्हणालो.

“मग काय? अट तीच. बदली माणूस दे आणि जा. घरात नियम सगळ्यांना सारखा. मुलगा-मुलगी भेद मी करत नाही.”

“अण्णा, तिच्यानंतर घरात कोण आहे?”

अण्णांनी विचार केला. मलाही विचार करावा लागला. मांजर होतं.

“तू लग्न कर,” अण्णा म्हणाले. “सून आली की सुगी मोकळी. तुझी आईपण तेच म्हणतेय म्हणे. सुगीनं सांगितलं.”

एक-दोन स्थळं खरोखर आली. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलीला लग्नानंतर काम करावं लागेल का? मी म्हणालो, थोडं. पुढं जमलं नाही.

मग मी सुगीला फोन केला. “पैसे मी भरतो,” मी म्हणालो. “त्यांना काय करायचं ते करू दे. तू बॅग भर आणि नीघ.”

“नको रे दादा,” ती म्हणाली. आवाज हसरा होता. “मला नाही शिकावंसं वाटत आता. इथंच बरं आहे मला. दारातल्या डाळिंबाला फुलं आलीत यंदा, लालभडक.”

“नक्की?”

“अरे नक्की.”

“बरं,” मी म्हणालो.

फोन अर्ध्या मिनिटात झाला. मला हलकं वाटलं. ऑफिसात कुणी विचारलं तर मी सांगायचो, बहिणीला शिकायची आवड नाही. सांगताना मला जरा वाईटही वाटायचं, तिच्याबद्दल.

दिवाळीला घरी गेलो. अण्णा दुकानात बसले होते. आता भाडी फारशी मिळत नाहीत, पण भोंगे रोज पुसतात. मला जवळ बसवून घेतलं.

“तुझी आई बदलली रे,” ते हळूच म्हणाले. “वय झालं की माणूस निवतं. काय गोड बोलते आता. परवा मला ताप होता, तर दर तासाला निरोप. डोक्यावर पट्टी ठेवा, काढा घ्या, तुमच्याशिवाय घर सुनं वाटतं. असं म्हणाली. तुमच्याशिवाय.”

त्यांचे डोळे भरले होते. आतून आईचा आवाज येत होता, सुगीला काहीतरी सांगत होती. शब्द कळत नव्हते. सूर कळत होता. तो गोड नव्हता.

“मग अण्णा, आता बोलून टाका ना तिच्याशी,” मी म्हणालो. “वीस वर्षं झाली.”

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी चालू मशीनचं झाकण उघडायला सांगितलं होतं.

“कशाला?” ते म्हणाले. “एवढं छान चाललंय. मी बोलायचो काहीतरी आणि बिघडायचं. सुगी आहे ना.”

सुगी आतून आली. मी तिची पावलं मोजली. आता तिचीही चौदाच झाली होती.

“अण्णा, आई म्हणते, आज फराळ तुम्ही आधी घ्यायचा,” ती म्हणाली. “चकलीला नवा सोऱ्या वापरलाय.”

अण्णा लाजले. खरोखर लाजले, सत्तावन्न वर्षांचा माणूस.

मी उठून दारात आलो. कुंपणाला लागून डाळिंबाचं झाड आहे. त्याला मोठमोठी डाळिंबं लगडली होती, फांद्या खाली वाकल्या होत्या. इतकी फळं आत्ता असतील, तर जूनमध्ये फुलं आलेली असणार. खूप आलेली असणार. मी झाडासमोर बराच वेळ उभा राहिलो. आतून आईनं जेवायला हाक मारली तेव्हाही तिथंच होतो.

स्वयंपाकघरात सुगी एकटीच होती. आई दिवा लावायला गेली होती. सुगी माझ्याकडे पाठ करून तव्यावरची भाकरी उलटत होती. तिचे केस मागं घट्ट बांधलेले होते, आईसारखे.

“सुगे,” मी म्हणालो, “तुला मिरजेला जायचं होतं ना?”

तिचा हात थांबला नाही.

“नाही रे, दादा,” ती म्हणाली, हसऱ्या आवाजात. “तू उगाच मनाला लावून घेतोस. मला खरंच नव्हतं जायचं.” मग भाकरी उचलून तिनं माझ्या ताटात टाकली. “जेव आधी. तव्यावरची आहे.”

मी भाकरी मोडली. वाफ आली, बोटं भाजली.

भाकरी तव्यावरचीच होती.